कूपनकाकांचा सत्कार

"काकांना फेटा कुठल्या रंगाचा चालंल, तेवढं विचारून घे," असं म्हणून अण्णांनी माझ्या टेबलावर रिपोर्टचा प्रिंटआऊट ठेवला आणि गोडाऊनकडे निघून गेले.

कुठले काका, ते मला कळेना. मी कागद बघितला. ऑनलाइन विक्री कुणामुळे किती झाली, त्याचा तो रिपोर्ट. सगळ्यात वरचं नाव होतं कूपनकाका. सगळ्यात खाली महादेवी अक्का, मंद्रूप. अक्कांच्या नावावर अण्णांनी लाल पेनानं फुली मारली होती.

मी सोलापुरात चादरी-टॉवेलच्या एका पेढीत ऑनलाइन विक्रीचं काम बघते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. भावाच्या लग्नपत्रिकेत वडिलांनी माझ्या नावापुढे बी.सी.ए. छापून घेतलं होतं. लोक हसले. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.

पेढीचे मालक सिद्रामप्पा. त्यांनाच सगळे अण्णा म्हणतात. पेढीची एक जुनी रीत आहे. दर वर्धापनदिनाला, वर्षात सगळ्यात जास्त माल विकणाऱ्या एजंटाला बोलावायचं, फेटा बांधायचा, अंगावर नवी कोरी चादर घालायची आणि फोटो काढायचा. या मानापायी आमचे दोन जुने एजंट एकमेकांच्या लग्नाकार्याला जात नाहीत. यंदा रिपोर्टप्रमाणे मान कूपनकाकांचा होता.

"अण्णा, हा माणूस नसावा बहुतेक," मी म्हणाले.

"माणूस नाही तर भूत आहे काय? भुतानं एवढे टॉवेल विकले?"

"वेबसाइटवरचं काहीतरी दिसतंय. शोधते."

"शोध की. आणि त्या महादेवी अक्काला कळव, काम बंद. व्हिडिओ लई, विक्री काहीच नाही. तिच्यापेक्षा आपला वॉचमन जास्त विकंल."

महादेवी अक्का म्हणजे आमची इन्फ्लुएन्सर. इन्फ्लुएन्सर म्हणजे जिचं बोलणं ऐकून लोक खरेदी करतात अशी व्यक्ती. अक्का मंद्रूपच्या घरात बसून व्हिडिओ करायच्या. आमचा टॉवेल दोन्ही हातांनी पिळून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या नवऱ्यावानी हाय बगा, कितीबी पिळा, तक्रार न्हाय!" बघणारे हजारांनी. त्या जोरावर त्यांनी ब्लाऊज शिवायचं काम सोडलं आणि शिलाई मशीन विकून चांगला फोन घेतला. घरात सगळे विरोधात होते. आता आमचं काम गेलं, तर फोन हातात आणि मशीन गावातल्या दुसऱ्याच बाईच्या घरात, अशी त्यांची गत होणार होती.

मी आधी काकांच्या मागे लागले. कूपनकाका निघाला एक एक्स्टेन्शन. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम. तुम्ही ऑनलाइन काही विकत घ्यायला लागलात, की हा मध्ये उडी मारतो आणि म्हणतो, थांबा, कूपन शोधून देतो, स्वस्तात मिळेल. लोकांना वाटतं, फुकटात भाव करणारा माणूस मिळाला.

त्यांच्या ईमेलवर मी विचारलं, सत्काराला कोण येणार? तिकडून लगेच आपोआप उत्तर आलं, "तुमची बचत हाच आमचा आनंद!"

इकडे अण्णांनी फ्लेक्स करायला टाकलाही होता. फ्लेक्सवाल्याचा मला फोन आला.

"मॅडम, 'विक्रीसम्राट मा. श्री. कूपनकाका', बरोबर ना? फोटो पाठवा की."

"फोटो नाही."

"मग अण्णांचाच लावू? मोठा बसतोय."

"थांबा जरा. काही लावू नका."

"गोल रिकामा ठेवतो मग. नंतर चिकटवू."

आता अक्कांची विक्री का दिसत नाही, ते बघायचं होतं. हा हिशोब कसा चालतो ते सांगते. अक्कांच्या व्हिडिओखाली एक लिंक असते. ती दाबली की आमची वेबसाइट उघडते, आणि त्याच वेळी गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये एक बारकी चिठ्ठी पडते, की याला अक्कांनी आणलं. या चिठ्ठीला कुकी म्हणतात. पैसे भरले की सिस्टीम चिठ्ठी वाचते आणि विक्री अक्कांच्या नावावर टाकते. मी माझ्या कॉम्प्युटरवर लिंक दाबून एक नॅपकिन मागवला. विक्री बरोबर अक्कांच्या नावावर पडली. म्हणजे आमच्या बाजूनं सगळं नीट होतं. माझं डोकं आणखीच चक्रावलं.

काम बंद झाल्याचा फोन मी जड मनानं केला. दुसऱ्या दिवशी अक्का एसटीनं थेट पेढीवर.

अण्णा केबिनमध्ये होते, मीही मागोमाग आत गेले. चिडलेले असले, तरी दारात आलेल्या बाईला उभं ठेवायची त्यांची पद्धत नाही. "बर्री अक्का, कुंद्री," म्हणत त्यांनी खुर्ची दाखवली. दोघांच्याही घरची भाषा कन्नड. पण अक्कांनी मुद्दाम मराठीतच सुरू केलं, शेजारच्या खोलीतल्यांनाही कळावं म्हणून.

"बसाय न्हाय आले अण्णा. माज्या नावानं एकबी टावेल इकला न्हाय म्हंता व्हय? ह्ये बगा." त्यांनी फोन पुढे केला. "ही बंगळूरची पोरगी, तुमची चादर पांघरून बसलीया. ह्यो पुण्याचा, हापिसातनं मागवली म्हंतोय. माजं बगनारं समदं हापिसातलंच. जेवायच्या सुट्टीत डबा खात बगत्यात आन तितंच कंप्युटरवर मागवत्यात."

"मग कॉम्प्युटर खोटं बोलतो काय?" अण्णा म्हणाले.

"तुमचा बोलत आसंल. दाबा की माजी लिंक. माज्या म्होरं दाबा."

अण्णांना कुणी आव्हान दिलं की राहवत नाही. त्यांनी चष्मा लावला, आपल्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवर अक्कांचा व्हिडिओ काढला आणि लिंक दाबली. आमची वेबसाइट उघडली. त्यांनी एक टॉवेल घेतला, पत्ता टाकला, पैसे भरायच्या पानावर आले.

टिंग!

स्क्रीनच्या कोपऱ्यातून एक पगडीवाला, मिशीवाला चेहरा वर आला. "थांबा! काका तुमच्यासाठी कूपन शोधतोय."

आम्ही तिघं बघत राहिलो. काकानं थोडा वेळ भिंगातून इकडे-तिकडे बघितलं. मग म्हणाला, "कूपन सापडलं नाही. पण काळजी नको, तुम्हाला सगळ्यात चांगला भाव मिळतोय!" खाली एकच बटण, "बरं काका".

अण्णांनी सवयीनं ते दाबलं. पैसे भरले. मी रिपोर्ट उघडला. विक्री कूपनकाकाच्या नावावर.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते बटण दाबलं की काका गुपचूप आपली चिठ्ठी टाकतो. सिस्टीमचा नियम असा, की शेवटची चिठ्ठी कुणाची, विक्री त्याची. याला लास्ट क्लिक म्हणतात. अक्कांची चिठ्ठी गेली, काकाची राहिली. कूपन मिळो न मिळो, कमिशन काकाला. एजंट आणि दुकानदार जोडून देणाऱ्या ज्या ऑनलाइन नेटवर्कवर आमची पेढी होती, तिथे हा काकाही एजंट म्हणून बसलेला होता.

मी हे समजावलं.

"म्हणजे असं की," अण्णा म्हणाले, "रिक्षावाला स्टेशनवरनं गिऱ्हाईक आणतो. मी चार चादरी उलगडून दाखवतो. गिऱ्हाईक पाकीट काढतं, तेवढ्यात पायरीवर बसलेला कोणीतरी आत येऊन म्हणतो, मी आणलं यांना."

"अगदी तसंच."

"आणि मी त्याला फेटा बांधायला निघालो होतो!"

"पण अण्णा," मी विचारलं, "हा काका तुमच्या कॉम्प्युटरवर आला कसा? आपल्या ऑफिसात दुसऱ्या कुणाकडे नाही."

अण्णांनी हळूच अक्कांकडे बोट केलं.

"यांनीच सांगितलं की. व्हिडिओत. हाच तो कूपनकाका, हे मला कुठं ठाऊक!"

अक्कांनी कपाळावर हात मारला.

"अगं बया! ती जायरात व्हय? मुंबैच्या पोरानं फोन केलता. म्हनला, अक्का, निस्तं म्हना, काय घ्याच्या आदी काकाला इचारा. बरं पैसं दिलं. मला काय म्हाईत ह्यो मुडदा माज्याच ताटात हात घालनार! म्या माज्याच बगनाऱ्यास्नी घरोघर ह्यो चोर वाटला की ओ!"

अण्णांचा चेहरा पुन्हा कडक व्हायला लागला. चूक अक्कांची निघाली, तर काम बंद ते बंदच राहणार, हे मला दिसलं. म्हणून मी पटकन बोलले.

"अण्णा, एक सांगा. एसी बसवा म्हणून आम्ही किती वर्षं मागे लागलोय?"

"त्याचं इथं काय?"

"बसवला नाहीत. डॉक्टरांनी साखर सोडा म्हणून सांगितलं, सोडली नाहीत. मुलानं मोबाइल बदला म्हटलं, अजून तोच वापरताय. पण अक्कांनी एका व्हिडिओत सांगितलं, आणि तुम्ही स्वतः बसून एक्स्टेन्शन टाकलंत. टाकायला तुम्हाला येत नाही, तरी टाकलंत. आता सांगा, या बाईच्या बोलण्यानं माल खपतो की नाही?"

अण्णांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"चहा सांग," अण्णा म्हणाले. आमच्या पेढीत वाद मिटल्याची हीच खूण.

पुढचं काम माझं होतं. नेटवर्कला लिहून काकाला आमच्या एजंटांमधून काढायला लावलं. चिठ्ठीच्या भरवशावर राहायचं नको म्हणून अक्कांना स्वतःचा कोड दिला. गिऱ्हाइकानं तो स्वतःच्या हातानं टाकला की विक्री अक्कांचीच, मध्ये कुणी येवो. अक्कांनी नवा व्हिडिओ केला, त्यात काकाला इतक्या शिव्या घातल्या की तोच सगळ्यात जास्त चालला. त्या महिन्याच्या रिपोर्टात त्यांचं नाव सगळ्यात वर होतं. वर्षाचा रिपोर्ट काकानं नासवलेला, म्हणून अण्णांनी यंदा या महिन्याचाच धरला. वर्धापनदिनाला फेटा त्यांनीच बांधून घेतला. त्यांचे पिळले जाणारे यजमान पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. जुने दोन्ही एजंट रुसले, आणि त्या रुसव्यात पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले.

मी एवढंच शिकले, की शेवटी गल्ल्यापाशी कोण उभं होतं, तेवढंच रिपोर्ट सांगतो. गिऱ्हाईक कुणी आणलं, ते रिपोर्टला विचारू नये. म्हणून आता रिपोर्ट अण्णांच्या हातात द्यायच्या आधी मी दर वेळी वेगळ्या कॉम्प्युटरवरून, स्वतःच्या पैशानं, आमचाच एक टॉवेल विकत घेऊन बघते. घरात साठलेला टॉवेलांचा ढीग बघून आई विचारते, ग्रॅज्युएट झाल्यावर एवढ्या आंघोळी कराव्या लागतात काय?