आपण आणि आम्ही

माझ्या पीएचडीच्या गाइडना मी घरी काका म्हणायची आणि कॉलेजात सर. ते नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, लंगोटीयार. देवासात दोघं एकाच गल्लीत वाढले. माझं शिक्षण सगळं हिंदीत झालं, त्यामुळे माझ्या मराठीची पार खिचडी. इथे मालव्यात सगळ्यांना एकच शब्द पुरतो, 'अपन'. अपन गए, अपन ने खाया. त्यात कोण आहे नि कोण नाही, ज्याचं त्यानं समजून घ्यावं. काकांना ते मुळीच खपत नसे.

"अगं, 'आपण' म्हणजे समोरच्याला धरून, 'आम्ही' म्हणजे त्याला सोडून. हिंदीला ही सोय नाही. आपल्याला आहे, तर वापर की!"

कामाबद्दल बोलताना मात्र ते नेहमी आपणच म्हणत. आपण गवताचे प्लॉट टाकू, आपण पाहू. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

काम होतं बदनावरच्या बाजूला. तिथे एका गावाच्या चरनोईवर, म्हणजे गुरांच्या सामायिक कुरणावर, बाहेरून आणलेलं चाऱ्याचं गवत पेरायचं घाटत होतं. प्रश्न एवढाच, की ते तिथल्या देशी गवताबरोबर नांदेल, की त्याला हुसकून लावेल? तिथे म्हशी चारणारे एक जण दर फेरीला देशी गवताच्या काळजीने मला विचारायचे, "बेनजी, यो नयो चारो अपणी घास ने खई तो नी जायगो?"

"भिया, पक्का होते ही बताऊँगी," मी म्हणायची.

दोन गवतं एकत्र नांदतात असं म्हणायचं तर दोन गोष्टी दिसाव्या लागतात. देशीच्या गर्दीत थोडंसं नवं लावलं तर ते वाढलं पाहिजे, आणि नव्याच्या गर्दीत थोडंसं देशी लावलं तर तेही. एकाची जरी खात्री नसली तरी 'एकत्र' हा शब्द तोंडातून काढता येत नाही. नवं वाढत होतं, त्याला काय धाड भरली होती! अडचण देशीची होती. काही प्लॉटांत ते वाढलं, काहींत पार खुरटलं. सरासरी निघाली वाढीच्या बाजूला, पण जेमतेम. खरं उत्तर कुठून कुठवर असू शकतं हे दाखवणारी पट्टी मी सरासरीच्या दोन्ही अंगांना काढली, तर तिचं एक टोक सरळ घटीत उतरलं. देशी गवत टिकेलही आणि संपेलही. प्रामाणिक उत्तर होतं, अजून सांगता येत नाही.

काका हसले. "शितावरून भाताची परीक्षा करतात, बाई. सरासरी वर आहे ना? झालं तर मग."

"काका, भात एका भांड्यात शिजतो. चरनोईवर एकीकडे काळी माती आहे, एकीकडे नुसता मुरूम."

"तुला शंका काढायची भारी हौस. बरं, आपण बघू."

मी त्या 'आपण'वर विसंबले.

मग धारला बैठक झाली. गवत पेरायचं की नाही, हे तिथेच ठरायचं होतं. काका हिंदीत बोलले, झकास बोलले. पडद्यावर मीच काढलेलं आकड्यांचं चित्र आलं. सरासरीचे ठिपके जागच्या जागी होते आणि पट्ट्या एकूण एक गायब. "दोनों घास साथ-साथ रह लेंगी," काका म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. "काका, पट्ट्या कुठे गेल्या?"

"आम्ही त्या काढून टाकल्या. लोकांचा उगाच गोंधळ होतो."

आम्ही. मला सोडून. हे त्यांनीच तर शिकवलं होतं. मी काही बोलणार तोच पुण्याहून आलेल्या एक बाई आमच्यापाशी आल्या. बैठकीत सल्ला द्यायला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी काकांना मराठीत विचारलं, "तुमच्या चित्रात सरासरीभोवतीचा पल्ला दिसला नाही तो?"

काकांनी क्षणभरही विचार केला नाही. "आकडेमोड सगळी हिची आहे. नवीन आहे, शिकेल हळूहळू."

चारचौघांत थोबाडीत बसावी तसं मला झालं. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी लहानपणी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झाँक्या पाहिल्या, त्याने मला सरळ विकून टाकलं होतं. मी फोन काढला, माझं मूळ चित्र उघडलं आणि बाईंपुढे धरलं. "पट्ट्या मी आखल्या होत्या. या बघा."

त्यांनी चित्र मोठं करून पाहिलं. मग काकांना म्हणाल्या, "अहो, मग 'नांदतात' हे कशावरून?"

काकांनी कप खाली ठेवला आणि हिंदीत बोलायला लागले. फार बोलले. शेवटी बैठकीत ठरलं की यंदा पेरणी नको, आधी आणखी प्लॉट टाकून पाहायचं. जाताना काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

देवासला येईपर्यंत बसमध्ये मी एकच गोष्ट घोळवत होते, की नानांना सगळं नीट सांगायचं. नाना जन्मभर गणित शिकवत आले. सरासरी आणि पल्ला यांतला फरक मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितला होता. त्यांना कळणार नाही तर कुणाला?

पण काकांचा फोन माझ्याआधी पोचला होता.

"नाना, ते गवत संपू शकतं. आणि चूक त्यांनी माझ्यावर ढकलली."

"गवताचं काय घेऊन बसलीस! घरच्या माणसाचा तू भर सभेत पाणउतारा केलास."

"आकडे काय सांगतात ते एकदा बघा तरी."

मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आम्हाला खाली मान घालायला लावलीस तू," नाना म्हणाले.

नानांचं मराठी पक्कं आहे. 'आम्हाला' हा शब्द त्यांच्या तोंडून चुकून येत नाही.