मधल्या माणसाचा शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही. उद्या बाजारात तो समोर आला तरी तुमच्या चेहऱ्यावरून त्याला काही कळायचं नाही. बघा — सुरुवातीलाच माझा भित्रेपणा दिसला की नाही?

प्रल्हाद माझा मित्र. परभणीला शेतकी शिकायला आम्ही एकाच वर्षी आलो आणि एका खोलीत राहिलो. मी पोखर्णीचा. घरी बऱ्यापैकी जमीन, आडनाव सांगितलं की कचेरीत बसायला खुर्ची मिळायची. तो पिंगळीच्या बौद्ध वस्तीतला. बाप लहानपणीच गेलेला, आई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची. धर्मांतराच्या आधी जन्मला म्हणून नाव प्रल्हाद राहिलं. आमच्या पोखर्णीला नरसिंहाचं देऊळ. त्यावरून तो मला चिडवायचा — तुमचा देव खांब फोडून निघाला तो माझ्यासाठी, अन् देवळात उभं राहायला मलाच जागा न्हाई, हे कसं रे? मी हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे तेव्हा सुचलं नाही.

मी सुधारलेला होतो, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या आईच्या हातचं जेवायचो. नुसता जेवायचो नाही, जेवलो हे चारचौघांत सांगायचो. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूनं कॉलेजात बोललो होतो. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाड्यात वस्त्या पेटल्या तेव्हा गावी न जाता प्रल्हादबरोबर खोलीवरच थांबलो. घरून निरोपावर निरोप आले, वडिलांनी बोलणं टाकलं. तरी थांबलो. ते खोटं नव्हतं हो. मनापासून केलं ते. मग पुढचं ज्यानं केलं तो कोण? तोही मीच.

पुढच्या वर्षी प्रल्हादला सरकारी शिष्यवृत्ती लागली — अमेरिकेत जाऊन शिकायची. विषय त्याच्या आवडीचा, माती. कालव्याचं पाणी आलं तशी आमच्याकडची काळी रानं चोपण व्हायला लागली होती. वर पांढरा थर यायचा, पेरलेलं उगवायचं नाही. ती जमीन पुन्हा कशी जागेवर आणायची, हे त्याला शिकायचं होतं. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी त्यानं आधी मला मिठी मारली. मीही मारली. अभिनंदन केलं. आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

जायचं तर मलाही होतं. वडिलांपुढं एकदा विषय काढला होता, तर ते म्हणाले, जमीन विकून शिकशील आणि परत येऊन काय करशील, विकलेल्या जमिनीकडं बघत बसशील? तिथंच तो विषय संपला. मार्कही माझे प्रल्हादपेक्षा कमी होते, लपवायचं कशाला? पण घरी जेवताना काका म्हणाले, आता दिवस त्यांचेच हायत. मी काकांशी भांडलो, ताट सरकवून उठलो. मोरीत हात धुताना लक्षात आलं — काका बोलले ते मला बरं वाटलं होतं. कुणाला सांगणार? तोंडानं नामांतर आणि पोटात काका.

प्रल्हादचं मन मात्र डळमळत होतं. स्टेशनजवळच्या हॉटेलात बसून आम्ही जायचं की नाही याचा विचार करायचो. पैशाचा प्रश्न नव्हता, तो सरकारनं सोडवला होता. प्रश्न बाकीच्याचा. आई एकटी. ती आजारी पडली तर पत्र पोचेपर्यंत बरी तरी होईल नाहीतर जाईल तरी. वस्ती पुन्हा पेटली तर तिला हाताला धरून बाहेर कोण काढणार? शिकून आल्यावर इथलं पाणी गोड लागेल का? आणि परत आलाच नाहीस तर — तुझ्या वस्तीतल्या पोरांनी कुणाकडं बघायचं? हे सगळं मी विचारायचो. तो म्हणायचा, "तिथं मला जात कुणी इचारणार न्हाई रे. नुसता इंडियन म्हणतील. कसं वाटत असंल?" मी म्हणायचो, तिथं काळा म्हणतील. तो नुसता हसायचा.

मी बोललो त्यात खोटं काय होतं? काहीच नाही. परदेशी जाणाऱ्याच्या मागं घरात काय काय मोडतं, ते मी खरंखरं सांगत होतो. वजनं सगळी खरी होती, काटा मात्र मी मारत होतो. आणि सगळ्यांत मोठं वजन कोणतं वापरलं? वस्ती जाळण्याचं. माझ्याच जातीच्या माणसांनी त्याच्या मनात घातलेली भीती मी मित्र म्हणून, काळजीच्या सुरात, पुन्हा पुन्हा त्याच्यापुढं ठेवली. राहिला तर त्याचं काय जाईल, हे मी एकदाही मोजलं नाही. तोही आईच्या काळजीत इतका गुंतलेला की त्यालाही ते सुचलं नाही.

शेवटी तो म्हणाला, आई म्हणेल तसं. पण आईला विचारायचं कुणी? आमच्याकडं अशी जड गोष्ट तोंडावर विचारत नाहीत. सोयरीक असो, वाटणी असो, रुसून माहेरी गेलेली सून आणायची असो — मनातलं काढायला मधला माणूस जातो. त्यानं आणलेला शब्द शेवटचा. मग तो शब्द कुणी पुन्हा तपासून बघत नाही. तसं करणं म्हणजे मधल्याचा आणि पलीकडच्याचा, दोघांचाही अपमान. प्रल्हाद म्हणाला, मी विचारलं तर ती माझं तोंड बघून बोलेल, तुला खरं सांगेल. तू जा.

मी गेलो. पिंगळी काय, परभणीपासून पुढचंच स्टेशन. सकाळच्या पॅसेंजरनं उतरलो. गयामावशी, प्रल्हादची आई, दारात बसून सुपात जवारी पाखडत होती. मी विषय काढला. तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडं बघून बोलली.

"त्यानं इचारलं आस्तं तर मला बोलता आलं नस्तं दादा. तुमी आलात ते बरं झालं. जा म्हनावं त्याला. गेल्या साली आमी बायामानसं लेकरं घिऊन उसात लपलो व्हतो, तोंडाला पदर लावून. असं लपायसाठी वाढीवलं का मी त्याला? मी हितं मरून पडले तरी माघारी यिऊ नको म्हनावं. माजी शप्पत हाय म्हनावं."

ती रडली नाही. डोळ्यांत टिपूस नव्हता. बोलून झालं तशी उठली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा गूळ घालून केलेला होता. मी पूर्ण प्यालो, निघताना पाया पडलो. स्टेशनपर्यंत चालताना एकच ठरवलं होतं — तिचे शब्द जसेच्या तसे सांगायचे. खरंच ठरवलं होतं. आता तुम्ही यावर विश्वास ठेवा, नका ठेवू.

परभणीच्या फलाटावर प्रल्हाद उभाच होता. गाडी थांबायच्या आत त्यानं मला डब्याच्या दारात पाहिलं. त्याचा तो चेहरा — काय सांगू तुम्हाला? त्या चेहऱ्यावर अमेरिका होती. जायचंच होतं त्याला. सगळी चर्चा, सगळा विचार वर वर; आत जायचंच होतं. आणि ते दिसलं तशी माझी जीभ फिरली.

"काय म्हणली?"

"काही सांगितलं नाही रे तिनं. रडली नुसती."

"लय रडली?"

मला अजून थांबता आलं असतं. गंमत केली म्हणता आलं असतं, मित्रांत चालतं तेवढं. हे थांबता येणं मला आजही आठवतं.

"लय," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. माझ्या खांद्यावर हात टाकला आणि आम्ही स्टेशनाबाहेर आलो. दोन दिवसांनी त्यानं नकार कळवून टाकला. लोकांनी खुळ्यात काढलं त्याला. दैव देतं आन् कर्म नेतं, असं कुणीतरी माझ्यादेखत म्हणालं. मला झोप लागत नव्हती वगैरे सांगून तुमची सहानुभूती घेणार नाही. मला झोप लागायची. चांगली लागायची.

पुढं दोघांनाही नोकऱ्या लागल्या. मी शेतकी खात्यात चढत गेलो. तो परभणीतच माती तपासायच्या प्रयोगशाळेत चिकटला, तिथंच राहिला. लोकांनी पिशव्यांतून आणलेली माती तपासायची आणि उत्तर लिहून द्यायचं. चोपण रानांचं जे शिकायचं होतं ते राहून गेलं. त्याचं लग्न पिंगळीलाच झालं. जेवणावळी चालू असताना गयामावशीनं मला मांडवाच्या मागं बोलावलं. म्हणाली, "दादा, तुमी माजा निरोप दिला व्हता न्हवं त्याला?"

इथं खरं बोललो असतो तर? त्याची अमेरिका गेलेलीच होती, पण बाकीचं वाचलं असतं. मी म्हणालो, "दिला होता मावशी, शब्दाला शब्द. तोच म्हणला, आईला टाकून जाणार न्हाई." मला वाटलं हे ऐकून तिला बरं वाटेल. लेकाची माया ऐकून कुठली आई सुखावणार नाही? तिचं तोंड उतरलं. "मंग माज्याच पायी मागं ऱ्हायला म्हना की," एवढंच बोलली आणि वाढायला निघून गेली.

तेव्हापासून ती त्याच्याकडं राहायला आली नाही. परभणीत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं, सून चांगली होती, नातवंडं झाली. सणावाराला यायची, दुसऱ्या दिवशी परत. एकदा खोदून विचारलं तर मला म्हणाली, एकदा त्याच्या पायात बेडी झाले दादा, आता आनिक नको. आणि तिकडं प्रल्हाद माझ्याजवळ तणतणायचा — "मी हिच्यापायी ऱ्हायलो, अन् हिला माझ्याकडं चार दिवस ऱ्हावत न्हाई. कशाची आई ही?" दोघंही मन मोकळं करायला माझ्याकडंच यायची. मी तिचं ऐकायचो, त्याचं ऐकायचो, आणि समजूत घालायचो. होय, समजूत घालायचो मी.

धास्ती एकच होती. एखाद्या दिवशी भांडणात हा बोलून जाईल, तुझ्या रडण्यापायी मी राहिलो म्हणून, आणि ती विचारेल — मी कवा रडले? पण तो कधीच बोलला नाही. आईला तिच्या रडण्याचा टोमणा मारणारा तो नव्हता. आणि तूच का गेला नाहीस, असं ती त्याला विचारणारी नव्हती. त्यांच्या चांगुलपणावर मी तरलो. लेक आईवर आतून रागावलेला, आई स्वतःवर. आणि दोघांच्या मध्ये मी — घरचा माणूस म्हणून ताटावर बसणारा.

विद्यापीठाला नाव मिळालं त्या जानेवारीत प्रल्हाद पेढे घेऊन आधी पिंगळीला गेला, मग माझ्याकडं आला. बोलता बोलता म्हणाला, आई पेढा हातात धरून म्हणली, एवढं झालं, पण तू ऱ्हायलास ते ऱ्हायलासच. त्याला तो टोमणा वाटला होता. मला ठाऊक होतं तो काय होता. मी पेढा खाल्ला.

त्याच सालच्या पावसाळ्यात ती गेली. एकटीच होती घरात. सकाळी शेजारणीनं दार ढकललं तर गार पडलेली. वस्तीतला एक माणूस पॅसेंजरनं परभणीला सांगायला आला. जिच्यासाठी तो सगळं सोडून राहिला, ती एका स्टेशनाच्या अंतरावर मेली आणि तो जवळ नव्हता. अमेरिकेत असता तर एवढं तरी म्हणता आलं असतं की लांब होतो.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे मरणानंतरच्या बौद्ध विधीला, मला दोन शब्द बोलायला लावले. मी बोललो. चांगलं बोललो. बायांनी डोळ्यांना पदर लावले. लोक पांगल्यावर प्रल्हाद माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ मातीत काडीनं रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "माझं एक चुकलं माधव. त्या वेळी तुला पाठवायला नको होतं. मीच जाऊन इचारायला पाहिजे होतं."

मला वाटलं, कळलं याला. शेवटी कळलं. आणि खरं सांगतो, एक क्षण सुटल्यासारखं वाटलं.

पण तो पुढं म्हणाला, "माझी आई रडायली अन् तिच्यासमोर मी तुला एकट्याला बसवलं. तुला किती जड गेलं असंल. कवा बोलला न्हाईस तू. माफ कर मला."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, असू दे रे, मित्रासाठी एवढं करतोच माणूस.