विमानांची नाकं घडवणारे आबा

आमच्या घरी आलेला पाहुणा पाच-दहा मिनिटांत मनगट खाजवायला लागायचा. आधी चोरून, मग उघड. चहा येईपर्यंत हात मानेवर गेलेला असायचा आणि कपबशी खाली ठेवता ठेवता तो हळूच विचारायचा, "ढेकूण झालेत का हो घरात?" त्यावर आबा अगदी समाधानानं सांगायचे, "ढेकूण न्हाईत. काच हाय." पाहुणा दचकून बुडाखालच्या सतरंजीकडे बघायचा. आबांना तेवढंच हवं असायचं. मग त्याला हाताला धरून ते गोठ्यात न्यायचे आणि तासाभरानं परत आणायचे, तेव्हा तो दोन्ही हातांनी खाजवत असायचा.

आबा म्हणजे माझे सासरे. मी कोथरूडची. लग्न होऊन कासार आंबोलीला आले आणि इथून हिंजवडीला कंपनीच्या कॅबनं जाऊ-येऊ लागले. पहिल्याच आठवड्यात माझ्या अंगावर पुरळ उठलं. माझ्या आईनं फोनवरच निदान केलं की गावचं पाणी मानवलं नसणार. पाणी उत्तम होतं. आबांचा काचेची बारीक कुसळं भरलेला सदरा आणि माझा पंजाबी ड्रेस एका बादलीत भिजवले गेले होते, एवढंच. त्या दिवसापासून आमच्या न्हाणीत आबांची बादली वेगळी झाली आणि तिच्यावर सासूबाईंनी नेलपॉलिशनं फुली मारली.

आबांनी उमेदीची सगळी वर्षं पिरंगुटच्या एका कारखान्यात फायबरच्या टाक्या आणि बसच्या सीटा करण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर शेती बघायची असं ठरलं होतं. शेतीनं त्यांची चार-सहा महिने वाट पाहिली. मग एका रविवारी आमच्या हरभऱ्यात एक विमान पडलं. खेळण्यातलं म्हटलेलं त्याच्या मालकाला आवडायचं नाही, पण हातभर लांबीचे पंख असलेलं, रिमोटवर उडणारं विमान. मालक म्हणजे बावधनचे एक निवृत्त बँक अधिकारी. गावानं त्यांचं नाव पुढे पायलटसाहेब ठेवलं. ते हरभरा तुडवत विमान शोधायला आले, तेव्हा आबा बांधावर बसून विमानाचं फुटलेलं नाक हातात फिरवत होते. नाक म्हणजे पुढच्या इंजिनावरचं टोपण. हरभऱ्याच्या नुकसानीबद्दल साहेब माफी मागायला लागले. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी तुकड्याचा वास घेतला, कलिंगडावर मारतात तशी टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्यात जीव न्हाई. नुसतं रेझिन वतलंय. कुनी केलं हे?"

ते परदेशातून मागवलेलं होतं. आबांनी आठ दिवसांत त्याच्यापेक्षा हलकं नाक करून दिलं आणि गोठ्यातली म्हैस मागच्या पडवीत गेली.

पुढे पुण्याहून, तळेगावहून, कुठून कुठून लोक यायचे. कुणाला नाक हवं असे, कुणाला चाकावरचं झाकण, कुणाला अख्खं पोट, म्हणजे पंखांमधलं धड. आबांचा नियम एकच. फुटलेले तुकडे आणल्याशिवाय नवं मिळणार नाही. माणूस पिशवी उलटी करायचा, आबा तुकडे सतरंजीवर जुळवायचे आणि तपासून सांगायचे, "डाव्या अंगावर पडलंय. उतरताना घाई केली तुमी." एवढे मोठे कंपन्यांतले मॅनेजर खाली मान घालून ऐकून घ्यायचे. एकानं एकदा वारा होता असं सांगून बघितलं. आबा म्हणाले, "वारा सगळ्यांलाच व्हता की."

जडपणाचा त्यांना मनापासून राग होता. काचेचं पातळ कापड साच्यात अंथरायचं, त्यावर रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारी चिकट राळ, लावायचं आणि मग लावलेलं निम्मं रेझिन पुन्हा निपटून काढायचं, हा त्यांचा धर्म. "जाड केलं म्हंजी मजबूत झालं, आसं अडान्याला वाटतं," असं ते म्हणायचे. केकसाठी म्हणून मी हौसेनं आणलेला छोटा वजनकाटा तिसऱ्या दिवशी गोठ्यात गेला तो गेलाच. मी केक मापाशिवाय करायला शिकले. जेवतानाही त्यांचं हेच चालायचं. वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग दिसला की ते ताट जरा तिरकं करून म्हणायचे, "रेझिन जास्त झालंय."

सासूबाईंचा या सगळ्याला विरोध होता, निदान तोंडानं तरी. त्यांच्याकडे लग्नातली एक नायलॉनची साडी होती, डाळिंबी रंगाची. ओल्या थरावर नायलॉनचं कापड दाबून बसवलं आणि सुकल्यावर सोलून काढलं, तर जास्तीचं रेझिन त्याच्याबरोबर निघून येतं, हे आबांनी कारखान्यात पाहिलेलं. त्यांनी बाजारातली चार कापडं आणून बघितली आणि चारही चिकटली. मग एक दिवस सासूबाईंनीच ती साडी ट्रंकेतून काढली आणि काही न बोलता कात्रीसकट गोठ्याच्या दारात ठेवली. वर मला म्हणाल्या, "आता कुटं नेसनार हाय मी ती?" त्या साडीच्या वीत-वीत तुकड्यांनी पुढे कितीतरी विमानांची नाकं गुळगुळीत केली. आबा शेवटपर्यंत पदर कापायचा टाळत होते.

आमच्याकडचा पाऊस म्हणजे ताम्हिणीचा शेजारी. जून ते सप्टेंबर पापडसुद्धा मऊ पडतात, मग रेझिन काय सुकणार? वरून चिकटच राहायचं. आबा साचा गोधडीत गुंडाळायचे, शेजारी पिवळा बल्ब लावायचे आणि वर कोंबडीचं डालगं पालथं घालायचे. येता-जाता गोधडीत हात घालून ऊब बघायचे. आम्हाला घरात मोठ्यानं बोलायची बंदी नव्हती, पण आम्ही आपोआप हळू बोलायचो. एकदा लाइट गेली तर माझी गरम पाण्याची पिशवी गोधडीत गेली, आणि माझी कंबर दुखत होती हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

तर असे आमचे आबा. गाव त्यांना खुळं म्हणायचं आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

मग एका दिवाळीच्या सुमाराला त्यांच्या बोटांच्या बेचक्या लाल झाल्या. पुढे मनगटं सुजली, मग पापण्या. आम्हाला वाटलं, नेहमीची खाज. पौडच्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि स्वच्छ सांगितलं, "ही काचेची खाज नाही. रेझिन अंगाला बाधायला लागलंय. आता दर वेळी जास्तच होणार. एखाद्या दिवशी घसा सुजला तर इथवर पोचायलाही वेळ मिळायचा नाही." आबांनी मान डोलावली. घरी आल्यावर गोठ्याला कुलूप लावलं, किल्ली सासूबाईंच्या हातात दिली. आम्हाला फार बरं वाटलं.

आठवडाभरानं आबा डोळे सुजवून जेवायला आले. "कांदा चिरत व्हतो," म्हणाले. आबांनी जन्मात कांदा चिरला नव्हता. सासूबाई उठल्या, गोठ्यात जाऊन आल्या आणि दारातच बसून रडू लागल्या. मागची खिडकी उघडी होती आणि आत ओलं नाक साच्यात होतं. साठी उलटलेला माणूस खिडकीतून उडी मारून चोरून काम करत होता. हसावं की ओरडावं मला कळेना. आबा मात्र भाताकडे बघत एवढंच म्हणाले, "हे बी गेलं तर मंग दिवसभर करू काय मी?"

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सोडवता येईना. काम करू दिलं तर माणूस जाणार, आणि नाही करू दिलं तरी तो आतून जाणार, हे समोर दिसत होतं. ते ओसरीवर बसून राहायचे. पाहुण्यालाही गोठ्यात न्यायचे नाहीत. पायलटसाहेबांच्या नव्या विमानाचं पोट अर्धवट राहिलं होतं. शब्द दिलेला होता. शेवटी एका शनिवारी मीच म्हटलं, "आबा, मी करते. तुम्ही बाहेर बसून सांगा."

आबा बऱ्याच दिवसांनी हसले. "तुला अजून गोल भाकरी येत न्हाई."

"विमानाचं पोट कुठे गोल असतं?" मी म्हटलं.

खिडकीपासून दहा फुटांवर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची मांडली गेली. आबा दर पाच मिनिटांनी ती बसल्या बसल्या पुढे सरकवायचे, म्हणून सासूबाईंनी फक्कीची रेघ मारली. मी हातमोजे, मास्क, चष्मा चढवून आत. पहिल्याच दिवशी हुशारी करून मी सगळं रेझिन घट्ट करणारं औषध घालून एकदम कालवलं. एवढा मोठा गोळा एका डब्यात राहिला की आपल्याच उष्णतेनं तापतो, हे मला कुठे ठाऊक? डब्यातून धूर निघाला, डबा वितळला. बाहेरून आबा शांतपणे म्हणाले, "टाक अंगनात. आता थोडं थोडं कालव. तुमच्या हिंजवडीत सगळं एकदम करत्यात व्हय?"

सगळा हिवाळा शनिवार-रविवार असेच गेले. कापडाची घडी कशी धरायची, ब्रश ओढायचा नाही, टेकवायचा, बुडबुडा दिसला की त्याला कडेला कसं हाकलायचं, हे सगळं त्या खुर्चीतून. हात उचलला की मी आधी खिडकीकडे बघायचे, आबांनी मान हलवली की हात खाली. चार नाकं वाया गेली. पाचवं जमलं. आबांनी ते सुकल्यावर, धुऊन, फडक्यात धरून तपासलं आणि काट्यावर ठेवलं. काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी भाजीबद्दलही काही बोलले नाहीत.

साहेबांच्या विमानाचं पोट शेवटी जोडायला आलं. दोन अर्धुकं समोरासमोर धरून सांध्यावर आतून काचेच्या कापडाची पट्टी बसवायची. एकदा रेझिन कालवलं की पाऊण तास, मग ते ऐकत नाही. आबांनी सकाळी तीनदा सगळं समजावलं. मी रेझिन कालवलं, पट्टी भिजवली, हात आत घातला आणि खिडकीकडे न बघताच विचारलं, "आबा, टोकाला पट्टी दुमडायची का कापायची?"

उत्तर आलं नाही. मान वर केली, तर खुर्ची रिकामी.

मी दोन हाका मारल्या. सासूबाई दळणाला गेलेल्या. हातमोज्यांवर रेझिन, हातात घट्ट होत चाललेली पट्टी. त्या क्षणी आबांचा मला इतका राग आला की रडू फुटलं. मास्कच्या आत रडत रडत मी पट्टी कापली, बसवली, दाबली, कडेनं बोट फिरवलं, दोन्ही अर्धुकं बांधून टाकली.

आबा उन्हं उतरल्यावर आले. "कुठे होतात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"गावात गेलतो. दाढी करायची व्हती."

गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट तसेच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फडक्यात धरलेल्या पोटावरून सांध्याला अंगठा फिरवला, एका जागी थांबले. "हितं जरा जाड झालीय," म्हणाले. मग सासूबाईंना हाक मारून खुर्ची ओसरीवर घ्यायला सांगितली. त्यानंतर ते खिडकीपाशी बसले नाहीत. मी विचारायला गेले तर सांगायचे, पण उठून यायचे नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी मिरच्या लावल्या आणि त्यांनाही ते टिचकी मारून बघायचे.

दोन वर्षांनी आबा गेले, हृदयविकारानं. रेझिनचा काही संबंध नव्हता. मला मात्र कितीतरी दिवस वाटत राहिलं की आपण त्यांच्या हातातलं काम काढून घेतलं, त्या दिवशी ते रागावूनच उठून गेले असावेत. विचारायचं राहून गेलं होतं.

परवा कॅबची वाट बघत फाट्यावर उभी होते. चहावाल्यानं न मागता कप पुढे केला आणि आबांचा विषय काढला. "तुमचं आबा एक दिवस हितं तीन तास बसलं व्हतं बघा. चार चहा झालं. दोनदा उठलं, घराकडं निघालं, त्या वळनापतुर गेलं आन परत येऊन बसलं. म्हनलं, आबा, घरी भांडन झालं का काय? तर म्हनलं, न्हाई रं. सून विमान जोडतीया. म्या तितं असलो की तिचा हात थांबतुया."