चार नंबरचं मशीन

मी फाइल एका फोल्डरमध्ये ठेवली, आणि ज्या प्रोग्रॅमने ती वाटायची तो दुसऱ्याच फोल्डरमध्ये शोधत बसला. चूक एवढीच. ती सापडायला मला अडीच दिवस लागले.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. आमच्या रामवाडीत कुणाच्या घरी दिवे आपोआप लागायला लागले की शेजारी लिंबू शोधायचे, मी वायरिंग बघायचो. बहुतेक वेळा वायरिंगच असायचं. (एकदा ते मीच केलेलं होतं, पण तो विषय वेगळा.)

नव्वदचं दशक संपत आलेलं. पेणला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. रोह्याला कुसुमताईंचा टायपिंग क्लास, बारा टाइपरायटरचा. "ताई, हे भंगार काढा, आता कॉम्प्युटर" हे त्यांच्या डोक्यात मीच भरवलं. त्यांनी बाराच्या बारा काढून टाकले आणि सहा कॉम्प्युटर घेतले. बुधवारी दुपारी तीनला तपासणीचे साहेब येणार होते. सहाही मशीन चालू दिसली तर परीक्षा केंद्र रोह्यात. नाहीतर खांब-कोलाडकडच्या गावांतल्या पोरींना परीक्षेला अलिबाग गाठायचं... आणि त्यातल्या निम्म्यांना घरचे सोडणार नाहीत हे ताई ओळखून होत्या.

मी सोमवारी सकाळी पेणहून एसटीने आलो, तो मोठ्या रुबाबात. माझी युक्ती अशी, की सहा मशीनमध्ये हार्डडिस्क घालायचीच नाही. कोपऱ्यात एक मोठं मशीन, म्हणजे सर्व्हर. बाकीची सुरू झाली की केबलमधून त्याच्याकडे फाइल मागणार, ती मिळाली की जागी होणार. त्यासाठी सर्व्हरवर दोन सॉफ्टवेअर लागतात. एक ती फाइल तयार करून ठेवतं, दुसरं मागेल त्याला देतं. दोन्ही वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी ती टाकली. टाकताना ती बरंच काही विचारतात – फाइल कुठे ठेवू, कुठून घेऊ. मी प्रत्येक प्रश्नाला एंटर दाबलं. एंटर, एंटर, एंटर. म्हणजे तुमच्या मनाला येईल तसं करा.

त्यांच्या मनात जुळत नव्हतं. डबा कोलाडला उतरवलेला आणि घेणारा खांबच्या फाट्यावर उभा, असा प्रकार.

हे आज कळतंय. तेव्हा काय झालं, तर पाच मशीनच्या पडद्यावर आलं, 'फाइल नॉट फाउंड'. आणि चार नंबरचं सुरू झालं. व्यवस्थित. वापरणाऱ्याचं नाव विचारायला लागलं.

"हे बघा," मी ताईंना म्हटलं, "सर्व्हर बरोबर हाय. ही पाच मशीनं खराब निघाली."

टायपिंग शिकवणाऱ्या मंदाताई खांबहून यायच्या. त्या लगेच चार नंबरवर बसल्या. "तुमचं चालू द्या, मी सरावाची पत्रं मारून घेते."

मग मी कामाला लागलो. नेटवर्कचं कार्ड – ज्याच्यावरची चिप फाइल मागते ते – चार नंबरमधून काढून दोनमध्ये घातलं. दोन बंदच. दोनचं कार्ड चारमध्ये घातलं. चार सुरू. केबल बदलल्या. टेबलं बदलली. चार नंबर खिडकीपाशी नेलं, तिथेही सुरू. मंदाताई खुर्ची उचलून त्याच्यामागे फिरत होत्या. "नंदू, एकदा काय ते ठरवा, माझा परिच्छेद अर्धा ऱ्हातो."

मंगळवारीही तेच. संध्याकाळी निघताना ताई मेनचा फ्यूज काढून पर्समध्ये टाकायच्या आणि घरी न्यायच्या. टाइपरायटर होते तेव्हापासूनची सवय, शॉर्टसर्किटची धास्ती. म्हणजे रात्रभर त्या खोलीत वीजच नसे. आदल्या दिवशीचं काही चार नंबरच्या मेमरीत उरलं असेल, हा मार्गही बंद.

बुधवारी बारा वाजले. साहेब यायला तीन तास. मी तिसऱ्यांदा तीच कार्डं काढत होतो. ताई खुर्ची ओढून समोर बसल्या.

"नंदू, ती पाच जणं काय म्हणतायत?"

"फाइल नाही म्हणतायत."

"आणि तू?"

"ताई, फाइल नसती तर चार नंबर कसं चाललं असतं?"

"त्याचं त्याला ठाऊक. पाच जणं सांगतायत नाय म्हणून. तू बघितलंस का हाय का ते?"

मी बघितलं नव्हतं. जिथून फाइल द्यायची ते फोल्डर मी अडीच दिवसांत एकदाही उघडलेलं नव्हतं. उघडलं. रिकामं. फाइल शेजारच्या भलत्याच फोल्डरमध्ये, सोमवारी सकाळी बनवली तशी आरामात पडलेली. ती योग्य जागी नेली, आणि पाचही मशीन एकापाठोपाठ एक सुरू झाली. दोन मिनिटांचं काम.

मंदाताई टाइप करायच्या थांबल्या. "मग इतके दिवस हे कशावर चालत होतं?"

साहेब येऊन गेले, सहाही मशीन त्यांनी स्वतः सुरू करून बघितली, केंद्र मिळालं. ताईंनी त्यांना नारळ दिला, मला चहा.

साहेब गेल्यावर मी सर्व्हरच्या नोंदी काढल्या. कोण कधी फाइल मागतं ते तिथे लिहिलं जातं. पाच मशीननी अडीच दिवसांत शेकडो वेळा मागितली होती. चार नंबरने बुधवारी दुपारपर्यंत एकदाही नाही. त्यानंतर मात्र इतरांसारखीच शिस्तीत. मंदाताईंची सोमवार-मंगळवारची पत्रं सर्व्हरवर होती, तारीखवेळेसकट. मी चार नंबर पूर्ण उघडलं. हार्डडिस्क नाही. फ्लॉपीच्या जागी नुसतं प्लास्टिकचं झाकण.

मग मुद्दाम फाइल परत चुकीच्या जागी टाकली. सहाही मशीन बंद करून लावली. सहाही पडद्यांवर 'फाइल नॉट फाउंड'. चार नंबरवरसुद्धा. फाइल जागेवर ठेवली, सहाही सुरू. पुढे ती मशीन बरीच वर्षं चालली, अधूनमधून मी हा खेळ करून बघायचो. चार नंबरने पुन्हा कधी ते केलं नाही.

जाणकारांना विचारलं. एक म्हणाला, तू नीट बघितलं नसशील. माझी ख्याती बघता हे सगळ्यात पटण्यासारखं आहे. पण कार्ड बदलूनही ते चाललं होतं, आणि मंदाताईंची पत्रं होती. त्याचं काय करायचं, मला आजतागायत सुचलेलं नाही.

मध्यंतरी रोह्याला गेलो होतो, तेव्हा ताईंकडे विषय काढला. म्हटलं, "ताई, खरं सांगा, तुम्हाला काय वाटतं, काय असेल ते?"

ताई वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय असंल ते असू दे. पण कधी भेटलं तर पत्ता घेऊन ठेव. पुढल्या वेळी मी त्यालाच बोलवीन."