शिफ्टच्या बसमधला बाप

आधी चहा घ्या. हा किस्सा मी चहाबरोबरच सांगतो, कारण मग मला कपात बघता येतं, तुमच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

माझी मुलगी रेवा, वय सोळा. गेल्या हिवाळ्यात तिने जाहीर केलं की ती धारहून देवासमार्गे थेट नेमावरपर्यंत सायकलने जाणार. तीन दिवस. कशासाठी, तर माजी सैनिक आणि अँब्युलन्स-फायर ब्रिगेडवर काम करणारी माणसं, यांच्या औषधपाण्याला मदत गोळा करायला. मदत कबूल करणाऱ्यांची अट एकच. नेमावरला नर्मदेत पाय बुडवला तर मदत, अर्ध्या रस्त्यातून परतली तर काही नाही.

अँब्युलन्सचं तिच्या डोक्यात कुठून आलं, हे मला विचारावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. त्या दुपारी अँब्युलन्समधला माणूस धारपासून इंदूरपर्यंत तिच्या छातीवर दाब देत राहिला, एकदाही थांबला नाही. रेवा समोरच बसली होती. आम्ही दोघं त्यावर बोलत नाही. ती सायकल चालवायला लागली आणि मी, शाळेतला गणिताचा मास्तर, डबे भरायला लागलो.

बंदोबस्त म्हणाल तर पुढे माजी सैनिकांची जीप, मागे अँब्युलन्स, सोबतीला सायकल क्लबच्या दोन बायका. आमच्याकडे आमदारालाही इतका मिळत नाही. तरी संमतिपत्र समोर आलं, तेव्हा मी 'विशेष सूचना' हा रकाना सोडला नाही. फॉर्म हिंदीत, म्हणून सूचनाही हिंदीत: 'समय पर खाना दें. धूप में खड़ा न करें. अकेला न छोड़ें.'

रेवाने ते वाचलं. "बाबा, हे माझ्यासाठी आहे की पार्सलवर चिकटवायचंय?"

"असू दे. लिहिलेलं बरं असतं."

"आणि ऐका. तुम्ही मागे यायचं नाही. कुठे दिसलात ना, तिथूनच परत फिरेन. सच्ची."

"मी कशाला येतोय? मला शाळा आहे."

"मग हो म्हणा."

मी हो म्हटलं. म्हणता म्हणताच मनात पीथमपूरच्या बसची वेळ आठवत होतो.

आता तुम्ही म्हणाल, पीथमपूरच का? तर तिचा पहिला मोठा थांबा तिथे होता. कुठल्या जागी, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला संशय आला असता. बघा, किती सावध माणूस.

त्या दिवशी ती पहाटेच निघाली. मी ओवाळलं, हातावर दही ठेवलं, आणि ती वळणाआड गेल्याबरोबर शाळेला फोन करून पोट बिघडल्याचं कळवलं. मग पिशवी भरली. गूळपोळ्यांचा डबा, ताकाचा थर्मास, सायकलचा पंप, नट आवळायचे दोन पाने आणि बायको पक्षी बघायची ती दुर्बीण. पीथमपूरच्या कारखान्यात कामगार नेणाऱ्या शिफ्टच्या बसचा ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी. गणितात तीनदा नापास झालेला, पण मनाने फार चांगला.

"बैठो सर. पर ये बस बीच में रुकती नहीं, सीधी कंपनी के अंदर जाती है. गिनती वहीं होती है."

"चालेल. वापस कब आएगी?"

"घंटेभर में. मैं ही छोड़ दूँगा, टेंशन मत लो."

काचांना काळी फिल्म, आत सगळे निळ्या शर्टातले कामगार. लपायला याहून बरी जागा कुठली? घाटाबिल्लोदच्या पुढे ती दिसली. मान खाली, वेग एकसारखा, अगदी मजेत चालली होती. मी दुर्बीण काढली. तेवढ्यात तिने बसकडे पाहिलं आणि मी सीटखाली गेलो.

"चाचा को उल्टी हो रही है," शेजारचा म्हणाला. पुढून तीन पिशव्या आल्या. एकाने माझी पाठ चोळायला घेतली. मी सीटखालून सांगतोय, मला काही होत नाही, तर तो म्हणतो, "शर्माओ मत चाचा, सबको होता है."

बस गेटातून आत गेली. औषधांची कंपनी ती. सगळे उतरले, एकेकाने कार्ड दाखवलं, आणि रांगेच्या शेवटी उरलो मी. ड्रायव्हर गाडी लावायला मागच्या अंगाला गेलेला. गेटवर पांढऱ्या मिशांचे एक सिक्युरिटी सुभेदारसाहेब, फौजेतून निवृत्त.

"कार्ड?"

"मी... मैं यूँ ही आया हूँ."

"यूँ ही," ते म्हणाले, आणि पिशवी टेबलावर पालथी केली. पाने, पंप, दुर्बीण. दुर्बीण त्यांनी डोळ्याला लावून पाहिली. "दवा की फैक्ट्री में यह किसलिए?"

"चिड़िया देखने के लिए."

"कौन सी चिड़िया?"

आता काय सांगणार? माझी चिमणी सायकलवरून येतेय, असं सांगितलं तर बिंग फुटलं. मी म्हटलं, "बगुला."

त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं. बाहेर कनात लावलेली, केळ्यांची टोपली, पाण्याचे ग्लास. म्हटलं, "आज कोई कार्यक्रम है?"

"एक बच्ची आ रही है धार से. साइकिल पे, हम फौजियों के लिए." आवाज थोडा मऊ झाला. "उसी का हॉल्ट है यहाँ."

पीथमपुरात एवढ्या कंपन्या, एवढी गेटं, आणि मी नेमका ह्याच गेटात कोंडला गेलो होतो. मला दिसत होतं की ती आता येणार, मला बघणार आणि परत फिरणार. सगळी मदत बुडणार, आणि ती माझ्यामुळे. मी सुभेदारसाहेबांना म्हटलं, मला मागच्या खोलीत ठेवा, हवं तर पोलिसांना द्या, पण आत्ता द्या. ते म्हणाले, चाळीस वर्षांत असा चोर पाहिला नाही.

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. मी टेबलाखाली जायला लागलो, पण सुभेदारसाहेबांनी कॉलर धरली. शेवटी मला खरं सांगावं लागलं. ते मला तसंच धरून बाहेर घेऊन गेले.

"बेटा, ये आदमी बोलता है तुम्हारा पिताजी है."

रेवाने केळं खाता खाता मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लगते तो हैं," ती म्हणाली. "पर मेरे बाबा आज स्कूल में हैं. उन्होंने हाँ बोला था."

सगळं गेट हसलं. ती हसली नाही. हेल्मेट काढून तिने धारच्या रस्त्याकडे पाहिलं, मग इंदूरच्या. मी म्हटलं, "रेवा, चूक माझी आहे. तू फिरू नकोस."

"मी बोलले होते ना, दिसलात तर परत फिरायचं?"

"हो."

"मग फिरा. तुम्ही."

सुभेदारसाहेबांनी रजिस्टर पुढे केलं. बिनकार्डाचा माणूस सोडायचा तर कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी. रेवाने लिहिलं. नाव, माझं. सामान, पाने दोन, पंप एक, दुर्बीण एक. जिम्मेदार व्यक्ति, रेवा, बेटी. 'विशेष टिप्पणी' ह्या रकान्यापाशी ती जरा थांबली आणि बारीक अक्षरात लिहिलं: 'समय पर खाना दें. धूप में खड़ा न करें. अकेला न छोड़ें.'

मी ते उलट्या बाजूने वाचलं. नंतर थोडा वेळ बगळे शोधत आकाशाकडे पाहिलं. गूळपोळ्यांचा डबा तिने ठेवून घेतला. त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

आता फौजी माणसं म्हणजे लिहिलेला हुकूम अक्षरशः पाळणारी. मला कॅन्टीनमध्ये पोटभर जेवू घातलं. केबिनमधून बसपर्यंत डोक्यावर छत्री धरली, तीही पाऊस नसताना. परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरने शेजारी बसवलं, घाटाबिल्लोदला मी चहाला उतरलो तर बरोबर उतरला, आणि आडोशाला गेलो तर पाठ फिरवून तिथेही उभा राहिला. "सर, ऊपर से ऑर्डर है." धारला त्याने मला शेजारच्या काकूंच्या हवाली केलं आणि कागदावर त्यांची सही घेऊन त्याचा फोटो पाठवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नेमावरहून फोन आला. मागे घाटावरचा गलका. पाय नर्मदेत होते, हे आवाजावरूनच कळत होतं.

"झालं बाबा."

मी विचारलं, "वाटेत काही अडचण?"

"एकच," ती म्हणाली. "पीथमपूरला एक पार्सल चुकीच्या पत्त्यावर आलं होतं. काकूंच्या सहीची पोच मिळाली, तेव्हा कुठे मी इंदूरच्या बायपासला लागले."