घडी पुन्हा घातली

छत्रीमावशी म्हणजे हातभर पिशवीत मांडवाएवढं कापड कोंबणारी बाई. अर्थात ‘कोंबणारी’ म्हटलेलं तिला मुळीच खपत नाही. घडी घालणारी म्हणायचं! तिने घडी घातलेलं पॅराशूट उघडलं की रॉकेटचं डोकं जमिनीवर सुखरूप उतरतं. तिचा नवरा शिंपी, सगळ्यांचा ‘मास्तर’. मास्तरचा वर्षानुवर्षं एकच विनोद: “शिवून शिवून मान माझी मोडते, आणि नुसत्या घड्या घालून पगार ही घेते.”

या वेळी रॉकेटच्या डोक्यात दुर्बीण होती. फुटून विखुरलेल्या एका ताऱ्याचे क्ष-किरण टिपायचे होते. ते हवेतून खाली पोचतच नाहीत. म्हणून हवेच्या वर जायचं, पाचेक मिनिटं बघायचं आणि खाली यायचं. आजवरच्या चित्रांत तो तारा पुसट डागासारखा यायचा. त्यातलं बारीकसारीक दिसावं म्हणून दुर्बीण बनवणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंनी सात वर्षं खपून एकात एक बसणारे आरसे घडवून घेतले होते. चित्र रेडिओवरून येणार होतं, पण आरसे परत येणार होते ते मावशीच्या भरवशावर. ते फुटले की सात वर्षं पाण्यात.

घड्या बसाव्यात म्हणून मावशी त्यांच्यावर शिशाच्या छर्‍यांच्या छोट्या, जड पिशव्या ठेवते आणि कापड आत सरकवताना एकेक काढून घेते. काम दोन दिवसांचं. शेवटी पिशव्या मोजायच्या, हा तिचा शिरस्ता. उड्डाणाच्या दुपारी मोजल्या, तर एक कमी!

टेबलाखाली पाहिलं, कपाटं उपसली. पिशवी नाहीच. ती आत दोऱ्यांत अडकली असेल, तर पॅराशूट उघडेल की नाही कोण जाणे. ती तडक बाईंकडे गेली.

“सगळं सोडून पुन्हा घालावं लागेल. आज उडवता येणार नाही.”

मैदान त्यांना उद्यापर्यंतच मिळालं होतं. उद्या वारा सुटला तर गाशा गुंडाळायचा.

“पिशवी आत असेल असं वाटतं तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“वाटत नाही. पण नाहीच, असं छातीठोक सांगताही येत नाही.”

बाईंनी खिडकीशी जाऊन रॉकेटकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “सोडा.”

सोडलं. आत पिशवी नव्हती. इंजिनियरांनी कपाळावर हात मारले, कुणीतरी नाकही मुरडलं. मावशीने बाह्या सरसावल्या आणि पहिल्या घडीपासून सुरुवात केली. दोन दिवसांचं काम सकाळपर्यंत उरकायचं होतं; रात्रभर तिची पाठ टेकली नाही.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने कृपा केली. रॉकेट गेलं, आणि पडद्यावर तो तारा उमटला. डाग कसला, कडं होतं ते! कडेला सुताएवढ्या बारीक रेघा सुट्या सुट्या दिसत होत्या. लोक अक्षरशः नाचले. मग कुणाला तरी आरशांची आठवण झाली आणि खोली चिडीचूप झाली. सगळ्यांच्या नजरा मावशीकडे. ती मात्र कमरेवर हात ठेवून निवांत उभी होती.

“उघडलं!” कर्णा ओरडला.

संध्याकाळी आरसे परत आले. बाईंनी आत बॅटरी मारून पाहिलं. एक ओरखडा नव्हता. त्यांनी मावशीला मिठी मारली ती सोडेचनात.

मावशी घरी पोचली, तर मास्तरच्या टेबलावर कापड पसरलेलं आणि कापडावर तिची पिशवी!

“ही कुठून आली?”

“परवा रात्री तुझ्या कोटाच्या खिशातून काढून घेतली. कापड काय झकास धरते गं!”

मावशी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग तिने सगळी हकीकत सांगितली. मास्तरचा चेहरा एवढासा झाला.

“म्हणजे माझ्यापायी सगळा खटाटोप फुकट?”

“फुकट कसा? तिथे शिकल्यासवरलेल्यांचे श्वास अडकले होते, आणि मी कमरेवर हात ठेवून उभी होते. तसं उभं राहणं फुकट मिळतं होय?”

त्या दिवसापासून मास्तरचा तो जुना विनोद बंद झाला. हल्ली कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देताना तो म्हणतो, “शिवलंय मी. पण घडी घालावी ती आमच्या हिनंच.”