मी सविताच्या बाजूनं लिहिलं

सविता आमच्या मळ्यात आली ती मस्कतहून. बाई मूळची श्रीलंकेची. माझा चुलत दीर धनराज मस्कतला एका शेठकडं ड्रायव्हर होता आणि त्याच घरात ही स्वयंपाकाला. दोन वर्षांनी धनराज सुट्टीवर आला तो हिला घेऊनच. त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली. मखमलाबादच्या पुढं आमच्या भाऊबंदांची आठ घरं, सगळी फूलवाली. झाडून सगळे बघायला लोटले. मीपण गेले. खोटं कशाला बोलू, नाक मुरडायलाच गेले होते.

लग्न मात्र रीतसर लावलं. आमच्यात नव्या नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव लिहायचं. धनराजनं लिहिलं ‘सविता’. पासपोर्टावर ती श्रीयानी, पण ते नाव धनराजच्या आईच्या, मालनबाईंच्या, जिभेवर काही बसेना. रेशनकार्डात सविता, बचत गटात सविता, हाक मारायला सविता. वर्षभरात आम्ही विसरूनच गेलो की ही दुसरी कोणी होती.

आणि बाई तरी कशी! गुलछडीच्या कळ्या पहाटे खुडायला सगळ्यांच्या आधी सरीत उभी. मराठी तर मालनबाईंकडूनच शिकली, त्यांच्या शिव्यांसकट. एकदा फूलबाजारात एका दलालानं शेवंतीचं क्रेट लाथेनं सरकवलं, तर हिनं त्याच्या सात पिढ्या अशा काढल्या की माणसं हातातलं काम सोडून ऐकत राहिली. मी म्हटलं, “अगं, जरा हळू!” तर म्हणते, “सरिताताई, फुलाला लाथ मारतो मेला, अन् मी हळू बोलू?”

धनराज करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. मूलबाळ नव्हतं. पुढच्याच वर्षी मालनबाईंना लकवा झाला, उजवं अंग गेलं. घरात उरल्या दोघी, सासू आणि सून. म्हातारीला न्हाऊ-माखू घालणं, उचलून उन्हात बसवणं, घास भरवणं, सगळं सवितानं केलं. आम्ही कोणी ताट घेऊन गेलो तर म्हातारी तोंड मिटून घ्यायची. सविताच्या हातचंच खायची.

पण सविताचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर होता. नवरा गेल्यावर दरवर्षी वाढवताना साहेब मान हलवायचे, “यंदा करतो, पुढचं सांगता येत नाही.” पुढच्या वेळी नाही म्हणाले तर सविताला देश सोडावा लागणार आणि म्हातारी एकटी पडणार, या भीतीनं ती वाळत चालली. मग वकील गाठला. तो म्हणाला, “नवरा असता तर सात वर्षांनंतर नोंदणी करून काम सोपं होतं.” धनराज हयात असताना सातच्या वर वर्षं झालीच होती की! पण तो म्हणायचा, “करू गं, कुठं पळून चाललंय?” ते राहूनच गेलं.

आता रस्ता लांबचा. बारा वर्षं इथं राहिल्याचा पुरावा आणि अर्जाच्या आधीचं वर्ष सलग इथंच. वागणूक चांगली म्हणून शपथेवर सांगणारे दोन नागरिक. भाषा येते याचा दाखला. आणि पेपरात दोनदा जाहिरात. साक्षीदार म्हणून मी आणि माझे मिस्टर दत्तू, दोघांनी सह्या केल्या. अर्ज वकिलानं पासपोर्टावरच्या नावानं भरला. सविता नावाचं कोणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

जाहिरात आली त्या दिवशी मी पेपर वाचला आणि माझं डोकंच फिरलं. ‘श्रीयानी यांना नागरिकत्व देऊ नये असे कोणास वाटत असल्यास त्यांनी कारणासह लेखी कळवावे.’ म्हणजे काय? आमच्या बाईविरुद्ध लिहा म्हणून गावभर दवंडी? भाऊबंदकी ती, कुणाच्या पोटात काय असेल सांगता येतं का? विरुद्ध लिहिणारे लिहितील, मग बाजूनं लिहिणारं कोणी नको?

मी दहावी शिकलेले. वाडीतले सगळे अर्ज माझ्याच हातचे. बसले आणि तीन पानं लिहिली. सासूची सेवा लिहिली, दलालाची गोष्टसुद्धा लिहिली. शेवटी लिहिलं, ‘आम्ही तिला सविता म्हणतो. ती पूर्ण आमची आहे. आजवरच्या प्रत्येक मतदानाला ती सकाळी सात वाजता आमच्याबरोबर रांगेत उभी राहिली आहे. यादीत सविता धनराज म्हणून तिचे नाव आहे, खात्री करावी.’ खाली सही केली आणि रजिस्टर पोस्टानं धाडलं. सविताला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, काम झालं की सांगू. देवा, एकदा नुसतं दाखवलं असतं तिला!

यादीत नाव आमच्याच भावकीतल्या खंडेरावानं घातलं होतं. निवडणूक आली की तो रेशनकार्डं गोळा करून घरंच्या घरं भरायचा. “वहिनी आपल्याच,” म्हणाला आणि मोकळा झाला. परदेशी माणसानं मत देणं गुन्हा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं की त्यानं विचारच केला नाही, देव जाणे. सवितानं तर बोटावरची शाई म्हातारीला कौतुकानं दाखवली होती.

पाच-सहा महिन्यांनी कलेक्टर कचेरीत बोलावलं. साक्षीदार म्हणून मी बरोबर. साहेब भला माणूस होता. म्हणाला, “बाई, मराठी येतं ना? बोला काहीतरी.” सविता म्हणाली, “काय बोलू साहेब? तुम्ही विचारा, मी काय लाजते का? फक्त भांडायला सांगू नका, सासूनं शिकवलंय.” साहेब खळखळून हसला. मला वाटलं, झालं काम.

मग त्यानं फाईल उलटली आणि माझं पत्र निघालं. माझंच अक्षर, लांबूनच ओळखलं. त्यानं शेवटची ओळ वाचून दाखवली आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. सोबत मतदार यादीचा उताराही लावलेला होता. माझ्या सांगण्यावरून त्यांनी खात्री केली होती.

“ही सविता म्हणजे तुम्हीच?” साहेबानं विचारलं. तिनं तोंड उघडायच्या आत तोच हळूच म्हणाला, “पत्र लिहिणाराची काही गफलत झाली असेल. या नावाची दुसरी कोणी असेल. नीट आठवून सांगा.”

मी मनात म्हटलं, म्हण गं बाई, दुसरी कोणी म्हण! सवितानं माझ्याकडं एकदाच पाहिलं.

“नाही साहेब,” ती म्हणाली. “मीच ती. पत्र सरिताताईंनी लिहिलंय. त्या खोटं लिहीत नाहीत.”

बाहेर आल्यावर मी पायरीवरच बसले. रडत रडत तिच्यावरच ओरडले, “का बोललीस? नाही म्हणायला काय जीभ झडली होती?”

ती माझ्याशेजारी टेकली. “ताई, मी नाही म्हटलं असतं तर खोटं लिहिलं म्हणून तुमच्यावर आलं असतं. शपथेवर सही केलीय तुम्ही. मला जायला दुसरा देश तरी आहे. तुम्ही कुठं जाल?”

अर्ज नामंजूर झाला. यादीतलं नाव उडालं. खटला भरला नाही, तेवढंच नशीब. पण व्हिसा वाढवून मिळाला नाही. खंडेरावाला मी भर रस्त्यात झाडला. तो मान खाली घालून उभा राहिला. पण नाव त्यानं घातलं तरी बोट दाखवलं मी, आणि हे मला तिनं एकदाही ऐकवलं नाही.

जायच्या आधी आठ दिवस ती मला म्हातारीचं शिकवत होती. भात किती मऊ करायचा, मान कशी धरायची, कुठल्या कुशीवर झोप लागते. म्हातारीला खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही. माहेरी चाललीय म्हणून सांगितलं. टॅक्सी दारात आली तेव्हा सविता पाया पडली आणि म्हातारीनं डाव्या हातानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. नवरा गेल्यापासून तिला कुणी लावलं नव्हतं.

आता रोज दोन वेळा ताट घेऊन मी जाते. म्हातारी माझ्या हातचं खाते. पहिल्या दिवशी तोंड मिटलं नाही, म्हणून मला रडू आलं. चार घास झाले की मला समजावते, “तू रागवू नको हां तिच्यावर. इतक्या वर्षांत एकदा माहेरी गेली पोरगी. राहू दे चार दिवस.”

“राहू दे,” मी म्हणते, आणि पुढचा घास करते.